पेडल दाबलं, ट्रॅक्टर थांबेना!
(जुन्या मॅसीच्या ब्रेकचा एक अभ्यास)

मित्रांनो, 'थिअरी ऑफ मशीन्स'च्या पेपरात ब्रेकवर एक प्रश्न हमखास येतो. आपण लीडिंग शू, ट्रेलिंग शू काढतो, टॉर्क काढतो, मार्क खिशात टाकतो आणि विसरून जातो. पण आपल्या हॉस्टेलमधल्या कितीतरी जणांच्या घरी ट्रॅक्टर आहे, आणि त्यातले काही वयाने आपल्यापेक्षा मोठे आहेत! सुट्टीत घरी गेलं की "तू इंजिनियर होणार ना, मग याचा ब्रेक बघ" असं कोणीतरी म्हणतंच. त्या वेळी काय बघायचं, कुठून सुरुवात करायची, यासाठी हा लेख.

उदाहरण म्हणून मॅसी फर्ग्युसन ३५ घेऊ. इंग्लंडमध्ये १९५६ साली 'फर्ग्युसन ३५' म्हणून आलेला हा ट्रॅक्टर पुढे 'मॅसी फर्ग्युसन ३५' झाला. मद्रासला १९६० साली सुरू झालेल्या टॅफे कंपनीमुळे मॅसीचे ट्रॅक्टर आपल्याकडे रुळले. आपली माणसं त्याला नुसतं 'मॅसी' म्हणतात.

आधी रचना समजून घेऊ

या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. प्रत्येक चाकाजवळ सुमारे १४ इंच व्यासाचा ड्रम आणि त्याच्या आत दोन ब्रेकशू. पेडल दाबलं की रॉड ओढला जातो, शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. बस्स, एवढंच! यात ब्रेक ऑइल नाही, पाइप नाही, मास्टर सिलिंडर नाही. त्यामुळे "एअर धरली असेल, हवा काढ" हा सल्ला इथे चालत नाही. सगळा मामला रॉड, पिन, शू आणि लायनरचा आहे.

डाव्या आणि उजव्या चाकाला वेगळं पेडल असतं. शेतात बांधाशी वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर जागेवर फिरवता यावा म्हणून ही सोय. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिट्टीने जोडलेलीच हवीत. खिट्टी उघडी राहिली आणि वेगात एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि उलटूही शकतो.

थोडं गणित (घाबरू नका!)

समजा, ट्रॅक्टर आणि उसाने भरलेली चार चाकी ट्रॉली मिळून वजन १० टन आहे. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. मागच्या टायरवर ट्रॅक्टरचं १,२०० किलो वजन पडतं आणि घर्षणांक ०.६ धरला, तर टायर रस्त्याला जास्तीत जास्त ७ किलोन्यूटन बलाने धरू शकतात. शू कितीही नवे असले तरी याच्या वर जाता येत नाही, चाक घसरायला लागतं.

आता २० ला १ असा उतार घ्या. १० टन वजन खाली ओढणारं बल होतं ४.९ किलोन्यूटन. म्हणजे वेग कमी करायला उरले फक्त २.१. ताशी २५ किलोमीटर वेगाने येणारी ही गाडी थांबायला सुमारे ११० मीटर लागतील, तेही चांगल्या ब्रेकवर! ब्रेक मारताना वजन पुढे सरकून मागचे टायर हलके होतात, त्यामुळे प्रत्यक्षात अंतर आणखी वाढतं. आणि ब्रेक कमजोर होऊन निम्मं, म्हणजे ३.५ किलोन्यूटनच बल देत असतील तर? उतार जास्त जोराने ओढतोय. गाडी थांबणार नाही, उलट वेग वाढत जाईल. 'थोडासा कमी लागतो, चालतंय' या वाक्याचा खरा अर्थ हा आहे.

पेडल काय सांगतं?

पाना हातात घेण्याआधी खिट्टी सोडून दोन्ही पेडल वेगवेगळी दाबून बघा.

१) पेडल खूप खाली जातं, पण शेवटी ब्रेक लागतो : लायनर झिजून शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, किंवा रॉडच्या पिना आणि भोकं झिजली आहेत. पिनांमधली ढिलाई हाताने हलवून कळते.

२) पेडल वरच घट्ट लागतं, तरी ट्रॅक्टर थांबत नाही : अंतर बरोबर आहे, घर्षण गेलंय. लायनरवर तेल आलंय किंवा ते काचेसारखं गुळगुळीत झालंय. इथे ॲडजस्टमेंट करून काही उपयोग नाही.

३) पेडल दाबलं की परत वर येत नाही : स्प्रिंग तुटली, किंवा शाफ्ट गंजून अडकला.

४) भाताच्या चिखलणीनंतर ब्रेक गेला : ड्रममध्ये पाणी-चिखल शिरलाय. मोकळ्या जागी हळू चालवत पेडल हलकं दाबून ठेवा, पाणी उडून जातं. तरीही फरक नाही, तर ड्रम उघडून साफ करा.

५) पेडल पायाखाली ठक-ठक करतं : ड्रम गोल राहिलेला नाही.

ॲडजस्टमेंट

ट्रॅक्टर सपाट, पक्क्या जागी उभा करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावा. गिअर न्यूट्रल, पेडलचा लॉक सोडलेला. मागचं एक चाक जॅकने उचला आणि ॲक्सलखाली भक्कम आधार द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात खाली घालायचा नाही, म्हणजे नाही!

ड्रमच्या आतल्या बाजूच्या प्लेटला एक खाच असते, तिच्यावर झाकण असतं. ते काढलं की आत दातेरी चाकी दिसते. स्क्रूड्रायव्हरने ती एकेक दात फिरवा आणि मधूनमधून टायर हाताने फिरवून बघा. टायर जड होत असेल तर दिशा बरोबर. चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत आवळा. मग पेडल एकदा जोरात दाबून सोडा, म्हणजे शू मध्यावर बसतात. चाक पुन्हा सैल वाटलं तर परत आवळा. आता एकेक दात मागे घेत चाक जेमतेम मोकळं होईल तिथे थांबा. ब्रेक घासत राहिला तर ड्रम तापतो आणि लायनर जळतं. दुसऱ्या बाजूलाही हेच करा.

दोन्ही बाजूंचे शू बसल्यावरच रॉडच्या लांबीला हात लावा. अनेक जण उलटं करतात. रॉड आवळून पेडल वर आणतात, पण त्यामुळे शू अर्धवट फाकलेलेच राहतात. शेवटी दोन्ही पेडल सारख्याच उंचीवर लागली पाहिजेत. मोकळी चाल किती ठेवायची ते आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा.

मग रिकामा ट्रॅक्टर मोकळ्या मातीच्या रानात हळू चालवा, खिट्टी लावून ब्रेक दाबा आणि खाली उतरून चाकांच्या खुणा बघा. दोन्ही खुणा सारख्या म्हणजे काम फत्ते. ट्रॅक्टर डावीकडे ओढला तर डावा ब्रेक जास्त लागतोय. डावं चाक जड फिरत असेल तर ते एक दात सैल करा, नाहीतर उजवं एक दात आवळा.

ड्रम उघडावाच लागला तर

लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलं असेल तर बदलायचं, नाहीतर रिव्हेट ड्रमला चरे पाडतात. तेलाने भिजलेलं लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवणं ही लोकप्रिय पण खोटी काटकसर आहे. तेल आत मुरलेलं असतं, तापलं की पुन्हा वर येतं. आणि तेल आलं कुठून? बहुधा ॲक्सलच्या फाटलेल्या ऑइल सीलमधून. सील न बदलता नवं लायनर घातलं तर तेही भिजणार. सीलसाठी शाफ्ट ओढावा लागतो, ते काम वर्कशॉपलाच द्या. लायनर नेहमी दोन्ही चाकांचं एकदम बदला.

अजून एक. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ही धूळ फुप्फुसात जाऊन वर्षांनंतर त्रास देते.

एवढं करूनही वरचं गणित बदलत नाही. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि उतारावर क्लच दाबायचा नाही. वेग निम्मा केला तर तेच ११० मीटर २८ वर येतात, कारण अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. हे सूत्र आपल्याला अकरावीपासून पाठ आहे. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. तेव्हा या सुट्टीत पान्याबरोबर तेही घरी घेऊन जा.