रोपासोबत आलेलं पाणी

तान्ह्या पोळ्याला सिंदीत माणूस मावत नाही. मोठमोठे लाकडी नंदी बघायला नागपूर-वर्ध्याकडचे नातेवाईक येतात, दुपारी आमच्याकडे जेवतात आणि हात धुवायला परसात गेले की टाक्याजवळच रेंगाळतात. कोई मासे बघतात, काठावरचं वेखंड बघतात, कुमुदाचं फूल बघतात आणि विचारतात, "रोपं कुठून आणली?" ते मी सांगते. पण आणल्यावर काय करायचं, हे उभ्या उभ्या सांगून होत नाही. म्हणून लिहायला बसले. या टाक्यातले पाच मासे मी रोपांपायी गमावले आहेत.

टाकं जुनं, सिमेंटचं. सासऱ्यांच्या काळात बैलांना पाणी पाजायला बांधलेलं, पुढे संत्र्याच्या कलमांना पाणी द्यायला कामी आलं, मग कित्येक वर्षं कोरडंच पडून होतं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, साडेतीन फूट खोल. म्हणजे जवळजवळ सहा हजार लिटर पाणी. मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी लेकीने नऊ कोई आणून त्यात सोडले. कोई म्हणजे जपानी लोकांनी जोपासलेला रंगीत कार्प, आपल्याकडचे मच्छीवाले ज्याला सायप्रिनस म्हणतात त्याचा भाऊबंद. वीतभर लांबीचे होते तेव्हा. एक सगळाच्या सगळा केशरी, आणि एक पांढरा, ज्याच्या कपाळावर कुंकू लावल्यासारखा लाल ठिपका. महिन्याभरात ते माझी चाहूल ओळखायला लागले.

उन्हाळा तोंडावर आला तशी मला सावलीची काळजी लागली. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, संध्याकाळी टाक्याचं पाणी हाताला कोमट लागतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाच्या लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, तर 30 अंशाच्या पाण्यात साडेसातच. तेव्हा पाण्यावर पानांची सावली हवी हा माझा विचार बरोबरच होता. रोपं आणली आणि त्याच दिवशी टाक्यात सोडली, तिथे चुकलं.

होळीच्या चार दिवस आधी नागपूरच्या एका रोपवाटिकेत गेले. जलकुंभीची सहा रोपं घेतली, पाणकोबीची चार घेतली आणि एका कुंडीत लावलेलं 'निळं कमळ' घेतलं. विकणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, टाका आणि विसरून जा, पाणी आपोआप साफ राहते." ज्या हौदातून त्याने रोपं काढली त्यात खाली सोनेरी मासे फिरत होते. मला ते बघून उलट बरं वाटलं. रोपं ओल्या पोत्यात गुंडाळली, पॅसेंजरमध्ये पायाशी ठेवली. बुटीबोरी गेलं, बोरखेडी गेलं, तोवर पोत्यातून पाणी झिरपायला लागलं होतं. घरी आल्या आल्या पोत्यातल्या पाण्यासकट सगळं टाक्यात सोडलं. मुळं साधी विसळलीसुद्धा नाहीत.

तीन आठवडे होत आले असतील. कपाळावर कुंकू असलेला मासा भिंतीला अंग घासताना दिसला. खाज सुटलेली म्हैस खांबाला घासते ना, तसा. दोन दिवसांत बाकीचेही घासायला लागले, मधूनच पाण्याबाहेर उसळी मारायला लागले. दाण्याला येईनात. जाळीने एकाला काढला, जुन्या लुगड्याच्या ओल्या फडक्यात धरला आणि चष्मा लावून बघितलं. कल्ल्यामागच्या पराखाली मसुराच्या डाळीएवढी, चपटी, आरपार दिसणारी चकती चिकटलेली होती. तिला दोन काळे ठिपके होते. चिमटा लावला तशी ती सरकली. ती जिवंत होती आणि ते ठिपके तिचे डोळे होते.

ही माशांवरची ऊ. मत्स्यशेतीवाले तिला आरग्युलस म्हणतात. तोंडाच्या सुईने ती माशाच्या कातडीला भोक पाडते, तिथे लाल होतं आणि त्या जखमेतून पुढचे रोग शिरतात. त्या एका माशाच्या अंगावरून मी अकरा काढल्या. मग जलकुंभीचं रोप उचलून बघितलं, तर फुगीर देठाच्या खालच्या बाजूला बारीक दाण्यांच्या ओळी. डोक्यातल्या लिखा जशा केसाला चिकटतात, अगदी तशा. ही ऊ अंडी पाण्यात सोडत नाही, दगडाला, भिंतीला, देठाला चिकटवते. नागपूरच्या त्या हौदात मासे आणि रोपं एकत्र होती, याचा अर्थ मला तेव्हा लागला.

दोन मासे गेले. कुंकवाचा त्यातच गेला. बाकीच्यांसाठी आम्ही जाणकारांचा सल्ला घेतला. नागपुरात तेलंखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. मासे आजारी पडले तर अशा शिकलेल्या माणसालाच विचारा. औषधाची मात्रा मी इथे देत नाही. ती पाण्याचं माप आणि माशांचं वजन बघून ठरते, आणि थोडी जास्त झाली तरी औषधानेच मासे जातात.

उवांच्या मागे लागले आणि जलकुंभीकडे दुर्लक्ष झालं. होळीला सहा रोपं होती, अक्षय तृतीयेला पाणी दिसेनासं झालं. जलकुंभी, म्हणजे पुण्याकडे जिला जलपर्णी म्हणतात ती, मनासारखं ऊन-पाणी मिळालं की एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. आडव्या दोऱ्यासारखा धावा सोडते आणि त्याच्या टोकाला नवं रोप. मला ते हिरवंगार टाकं बघून समाधान वाटत होतं, सावली झाली म्हणून. मे महिन्यातल्या एका रात्री वीज गेली, हवेचा पंप बंद पडला. पहाटे पाच वाजता टाक्यावर गेले, तर पानांमध्ये ताटलीएवढी एक मोकळी जागा उरली होती आणि उरलेले सातही मासे तिथे तोंड वर काढून हवा ओढत होते. टप् टप् टप् असा आवाज येत होता. दोन्ही हातांनी जलकुंभी उपसून अंगणात फेकली, बादलीने पाणी उंचावरून ओतत राहिले. तरी उन्हं येईपर्यंत तीन उलटे झाले. त्यात तो केशरी होता.

झाडं दिवसा प्राणवायू देतात हे मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. रात्री तीच झाडं प्राणवायू घेतात, हेही शिकवलं. शिवाय जलकुंभी आपला प्राणवायू वर हवेत सोडते, पाण्यात नाही, आणि खाली उजेड जाऊ देत नाही. पाण्याचं तोंडच झाकलं गेलं की हवा पाण्यात शिरायला वाट उरत नाही. सर्वांत वाईट वेळ पहाटेची. तेव्हा पान कितीही सुंदर असो, पाण्याचा निम्मा भाग उघडा दिसलाच पाहिजे. दर रविवारी उपसा, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा.

उपसलेल्या जलकुंभीची चार टोपली भरली. ती मी मागच्या नाल्यात टाकायला निघाले होते. वाटेत एक ओळखीचे ढीवर काका भेटले. जन्मभर तलाव घेऊन शिंगाडे काढलेला माणूस. टोपल्यात डोकावून म्हणाले, "बाई, काय करून राहिल्या? हे नाल्यात टाकू नका जी. पहिला पाऊस पडू द्या, पोळ्यापर्यंत अख्खा डोह भरते हे. मंग त्यात ना शिंगाडा येत, ना मासा."

तिथूनच परतले. आमच्या भागातले नाले शेवटी वर्धा नदीलाच जातात. जलकुंभी मुळात दक्षिण अमेरिकेतली, फुलं सुंदर म्हणून हौसेने आणलेली. बंगालात ती एवढी माजली की 1936 साली तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पुण्याची मुळा-मुठा, नागपूरचा अंबाझरी तलाव, कुठेही बघा, ती काढायला यंत्रं लावावी लागतात. उपसलेलं अंगणात कडक उन्हात पसरा, पार काळं पडेपर्यंत वाळवा, मग खतखड्ड्यात घाला. फुलं यायच्या आधीच उपसा, कारण तिचं बी वर्षानुवर्षं चिखलात जिवंत राहतं. आता मी जलकुंभी ठेवतच नाही, आणि तुम्हीही घेऊ नका असं माझं स्पष्ट सांगणं आहे.

याच्या उलट गोष्ट भंडारा-गोंदियाकडची. तिथल्या माजी मालगुजारी तलावांत बेशरम नावाची वनस्पती माजली होती, मासे कमी झाले होते. तलावांसाठी काम करणारे मनीष राजनकर आणि तिथल्या ढीवर समाजातल्या बाया-पुरुषांनी ती बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरले आणि मूळच्या देशी पाणवनस्पती हाताने लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, कोणती कोण खातो, हे ज्ञान त्या लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. त्यांच्या कामाबद्दल कळलं तेव्हापासून मी नागपूरच्या दुकानाआधी आपल्या आसपास बघायला लागले.

आणि आसपास सगळं होतं. अळू तर मोरीच्या पाण्यावर आपण सगळेच लावतो. त्याचं देठ खाजरं, म्हणून कोई त्याला तोंड लावत नाहीत. कर्दळ, वेखंड, छत्रीगवत हीही काठाला, गिट्टी भरलेल्या कुंडीत, नुसती मुळं पाण्यात राहतील अशी छान जगतात. माशांच्या विष्ठेतून पाण्यात जे साचतं तेच या झाडांचं खत. नाळीची भाजी सर्वांत झपाट्याने वाढते, पण ती कोईंना फार आवडते. त्यांना खायला म्हणूनच लावायची असेल तर लावा. एक मात्र बघा, ज्या शेतातून किंवा बांधावरून कंद आणाल तिथे कपाशीची फवारणी झालेली नसावी. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं माशांना अगदी थेंबभरही सोसत नाहीत. रोपवाटिकेतही हा प्रश्न विचारायचाच: "यावर काय फवारलं? केव्हा?" उत्तर टाळलं तर रोप तिथेच ठेवून या. फवारणीची बादली धुतलेली असली तरी टाक्यात बुडवू नका.

त्या 'निळ्या कमळा'चंही सांगते. खरं कमळ निळं नसतंच. ते गुलाबी किंवा पांढरं, आणि अमेरिकेत एक पिवळं. निळं म्हणून विकतात ते कुमुद, बाजारात ज्याला वॉटर लिली म्हणतात. फूल यायची वाट बघायला नको, पानावरूनच ओळखता येतं. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मध्यावर, आणि मोठं झालं की पाण्याच्या वर उभं राहतं. अळवावरच्या पाण्यासारखं त्याच्यावरही पाणी ठरत नाही. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरतं. कुमुद वाईट मुळीच नाही, कोईच्या टाक्याला तेच जास्त बरं. पण पैसे कमळाचे देऊ नका. आणि निळ्या, जांभळ्या, काळ्या कमळाचं बी म्हणून पाकिटं मिळतात, ती तर घेऊच नका. खरं कमळ हवं असेल तर वेगळ्या नांदीत लावा. कोई डुकरासारखे तळ उकरतात, कमळाचा कंद त्यांच्या टाक्यात टिकत नाही. कुमुदाच्या कुंडीत आपली काळी माती चालते, शेणखत मात्र घालू नका, आणि वर मुठीएवढे दगड रचा. दगड माशाच्या तोंडापेक्षा मोठा हवा. बारीक बजरी ते एका रात्रीत उपसून काढतात.

आता मुख्य गोष्ट, नांद. रोप कोणीही दिलेलं असो, बहिणीने दिलेलं असो, ते आधी नांदीत जातं. सोबत आलेलं पाणी मी मातीत ओतते, टाक्यापासून आणि नाल्यापासून लांब. मुळं वाहत्या पाण्याखाली धुते, सडकी पानं काढते, प्रत्येक पान उलटं करून बघते. मग चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा तुरटीची पूड, या हिशेबाने केलेल्या पाण्यात एक दिवस; हे मुख्यतः गोगलगायींसाठी. नाजूक पानं थोडी करपतात, पुन्हा फुटतात. नंतर साध्या पाण्याने धुऊन नांदीत महिनाभर. नांदीत एकही मासा नसावा. उवांची अंडी फुटली तरी पिल्लांना चिकटायला मासा मिळत नाही आणि ती मरतात. घाई करायची नाही, पंधरा दिवसांत रोप कितीही टवटवीत दिसलं तरी. नांदीची जाळी, मग, बादली वेगळी. मी त्यांना लाल चिंधी बांधली आहे, म्हणजे घरातल्या कोणीही चुकून टाक्याला वापरू नये.

आणि खरेदी पावसाळा सुरू झाल्यावर करा. मार्चमध्ये रोप आणलं तर महिनाभर थांबायचा धीर राहत नाही, ऊन दारात असतं. मृगानंतर आणलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते रुजतं, पसरतं, आणि सावलीची घाई पडत नाही. पहिल्या उन्हाळ्यापुरती बांबूवर हिरवी जाळी ताणा, टाक्याचा निम्मा भाग झाकेल एवढी. मी तेव्हा तेवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

वाचलेले चार कोई आता हातभर झाले आहेत. यंदा कुमुदाचं आणखी एक रोप आलंय, एका जुन्या विद्यार्थिनीने आणून दिलेलं, पांढऱ्या फुलाचं. नांदीत त्याला चोवीस दिवस झाले होते. काल सकाळी पान उलटं केलं तर मागे बोटाच्या पेराएवढी बुळबुळीत पारदर्शक पट्टी, आत गोगलगायीची अंडी. ते पान कापून उन्हात टाकलं, रोप पुन्हा तुरटीच्या पाण्यात घातलं आणि नांदीजवळच्या भिंतीवर खडूने मारलेल्या चोवीस रेघा पुसून आज पहिली रेघ मारली.