नाडीचा पाठ : जिमशिवाय व्यायाम आणि ठोके मोजायचं साधन



मागच्या पालकसभेनंतर आमच्या पाचवीतल्या एका मुलीची आई मुद्दाम थांबली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या त्या नाडीच्या पाठामुळे मी परत चालायला लागले." मला काही कळेना. मग तिने सगळं सांगितलं.

वय ३८. साखर थोडी वर दिसली म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. भाऊबीजेला भावाने ठोके दाखवणारं मनगटी घड्याळ दिलं. एका संध्याकाळी भरभर चालताना घड्याळात १६८ आकडा दिसला. ताई घाबरल्या आणि तिथेच कट्ट्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी काढला, सगळं ठीक निघालं. "चालत राहा" असं डॉक्टर म्हणाले, पण भीती काही जाईना. महिनाभर चालणं बंद!

मग आम्ही वर्गात नाडी मोजायला शिकलो. मुलगी घरी जाऊन म्हणाली, "आई, हात दे बघू." दोघी चालायला निघाल्या. घड्याळाने १५८ दाखवताच थांबल्या आणि मुलीने बोटांनी मोजलं. १५ सेकंदांत २६ ठोके, म्हणजे मिनिटाला १०४. घड्याळाचा पट्टा बांगडीसारखा सैल होता! तो वर सरकवून नीट बांधला, पुन्हा चालल्या, तर घड्याळ आणि बोटं जवळपास जुळली.

म्हणून आजचा लेख. व्यायामाला जिम लागत नाही आणि ठोके मोजायला घड्याळही लागत नाही. घड्याळ घ्यायचंच असेल तर आधी नाडी मोजायला शिका, म्हणजे घड्याळ खरं बोलतंय की नाही हे तुम्हालाच कळेल.

१) नाडी कशी मोजायची?

हृदय दर ठोक्याला रक्त पुढे ढकलतं. त्याची लाट रक्तवाहिनीतून जाते, तीच आपल्याला मनगटावर जाणवते.

- हात उताणा धरा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला तर्जनी आणि मधलं बोट अलगद ठेवा.
- अंगठ्याने मोजू नका. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, त्यामुळे गोंधळ होतो.
- फार दाबू नका. जास्त दाबलं तर नाडी लागतच नाही.
- सेकंदकाटा बघत १५ सेकंद मोजा आणि आलेल्या संख्येला ४ ने गुणा.
- विश्रांतीची नाडी सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पूर्ण एक मिनिट मोजा.
- व्यायामानंतरची नाडी थांबल्याबरोबर मोजा. ठोके झपाट्याने उतरतात, उशीर केला की आकडा कमी येतो.

२) किती ठोके असावेत?

शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असतात. रोज धावणाऱ्या खेळाडूंचे ६० पेक्षा कमीही असतात. प्राथमिक शाळेतल्या मुलांचे मोठ्यांपेक्षा जास्त असतात, साधारण ७५ ते १२० च्या आसपास. त्यामुळे मुलाची नाडी ९५ आली म्हणून घाबरायचं कारण नाही.

व्यायामाच्या वेळी एक सोपं गणित वापरतात. २२० मधून आपलं वय वजा करायचं, की कमाल ठोक्यांचा अंदाज येतो. मध्यम व्यायामात ठोके त्याच्या ५० ते ७० टक्के असावेत, जोमदार व्यायामात ७० ते ८५ टक्के. मध्यम व्यायामासाठी १५ सेकंदांतले ठोके असे :

- वय ३० : २४ ते ३३
- वय ४० : २३ ते ३१
- वय ५० : २१ ते ३०
- वय ६० : २० ते २८

आपल्या ताईंचं उदाहरण घ्या. २२० वजा ३८ म्हणजे १८२. त्याचे ५० ते ७० टक्के म्हणजे ९१ ते १२७. बोटांनी मोजलेले १०४ अगदी बरोबर मध्ये येतात. म्हणजे ज्या व्यायामाची त्यांना भीती वाटत होती, तो नेमका हवा तेवढाच होता.

पण हे सूत्र फक्त अंदाज देतं. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज असतो. २००१ मध्ये संशोधकांनी दुसरं सूत्र मांडलं : २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीला दोन्ही सूत्रांचं उत्तर १८० च येतं, साठीला मात्र पहिल्याने १६० आणि दुसऱ्याने १६६. तेव्हा एका आकड्याला चिकटून बसू नका. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात. अशा व्यक्तींनी हे गणित वापरू नये, डॉक्टरांनाच विचारावं.

आकड्याशिवायची कसोटी सगळ्यांत सोपी आहे. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तर व्यायाम मध्यम. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, तर जोमदार. आरामात गाणं म्हणता येतंय? मग जरा वेग वाढवा!

३) जिमशिवाय व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी. १५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस फक्त अर्धा तास.

आपल्याकडे बिनखर्चाच्या व्यायामाची परंपरा मोठी आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सुरुवातीला सँडो यांच्या पद्धतीने साधनं घेऊन व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचा शाळाशाळांतून प्रसार केला. हवं ते साधन विकत घेऊ शकणाऱ्या राजाने सतरंजीएवढ्या जागेत होणारा व्यायाम निवडला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

घरच्या घरी करता येईल असा साधा क्रम :

- सुरुवातीला ४ मिनिटं जागेवर चालणं, खांदे आणि घोटे फिरवणं.
- खुर्चीवरून ऊठबस, १० वेळा. सवय झाली की बैठका.
- भिंतीला हात टेकून जोर, १० वेळा. मग ओट्यावर, मग जमिनीवर.
- एका पायरीवर चढउतार, १ मिनिट.
- दोरीवरच्या उड्या, अर्धा मिनिट. गुडघे दुखत असतील तर उड्या नकोत, गुडघे उचलून जागेवर चाला.
- एक मिनिट विश्रांती, मग पुन्हा पहिल्यापासून. एकूण तीन फेऱ्या.
- शेवटी ५ मिनिटं हळू चालणं. एकदम खाली बसू नका.

पहिल्या आठवड्यात एकच फेरी केली तरी चालेल. मुलांसाठी वेगळं काही शोधू नका. लंगडी, खो-खो, लगोरी, लेझीम यांत सगळं येतं.

४) साधन घ्यायचंच असेल तर कोणतं?

१९८२ मध्ये फिनलंडच्या पोलार कंपनीने अंगावर घालायचा पहिला बिनतारी हृदयगती मापक बाजारात आणला, तो खेळाडूंसाठी होता. आज असं साधन शेजारच्या मोबाईलच्या दुकानातही मिळतं. प्रकार समजून घेऊ या.

घरात असलेली साधनं : कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल. त्यात ऑक्सिजनच्या आकड्याबरोबर नाडीही दिसते. रक्तदाबाच्या यंत्रातही दिसते. दोन्हींना हात स्थिर हवा, म्हणून चालताना त्यांचा उपयोग नाही. ऑक्सिमीटर लावताना बोटाला नेलपॉलिश नको.

मनगटी घड्याळ किंवा पट्टा : मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो ना? रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यागणिक त्वचेखालचं रक्त कमी-जास्त होतं, तसा परतणारा प्रकाश बदलतो आणि घड्याळ त्यावरून ठोके काढतं. पट्टा सैल असला, हात जोरात हलला किंवा थंडीत हात गार पडले, की ते चुकतं. कधी कधी तर ते ठोक्यांऐवजी पावलांची लय मोजतं! चालण्यासाठी आणि विश्रांतीच्या नाडीसाठी हे साधन पुरेसं आहे. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर बांधा, घसरणार नाही पण रुतणारही नाही असं.

दंडावरचा पट्टा : तत्त्व तेच, प्रकाशाचं. पण दंड मनगटापेक्षा कमी हलतो, त्यामुळे आकडा जास्त स्थिर येतो.

छातीचा पट्टा : हा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. धावणे, दोरीच्या उड्या अशा वेगाने ठोके बदलणाऱ्या व्यायामात हाच सर्वांत भरवशाचा. बांधण्यापूर्वी आतली बाजू पाण्याने ओली करावी लागते, आणि काहींना तो काचतो. पेसमेकर बसवलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

विकत घेण्यापूर्वी हे तपासा :

- बोटांनी नाडी मोजा आणि आकडा जुळतो का बघा. मग दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढून पुन्हा मोजा. फरक ५ ठोक्यांच्या आत असेल तर ठीक. २०-३० चा फरक असेल तर पट्टा नीट बांधून पुन्हा बघा, तरीही तेवढाच राहिला तर ठेवून द्या.
- घड्याळ केळ्याला बांधून बघा. काही घड्याळं केळ्याचेही ठोके दाखवतात! कारण त्यांना प्रकाश परत आला एवढंच कळतं, तो कशावरून आला हे कळत नाही.
- अंक उन्हात, चष्म्याशिवाय वाचता येतात का?
- बॅटरी किती दिवस टिकते? पट्टा बदलून मिळतो का?
- परत करण्याची मुदत आणि वॉरंटी किती?
- माहिती मोबाईलच्या कोणत्या ॲपमध्ये जाते आणि ते ॲप काय काय परवानग्या मागतं?

रोज चालणाऱ्या माणसाला महागडं घड्याळ लागत नाही. आणि मुलांना तर मुळीच लागत नाही.

५) वर्गात घेता येईल असा उपक्रम

साहित्य : सेकंदकाट्याचं घड्याळ, वही, पट्टी. वेळ : दोन तासिका.

मुलांच्या जोड्या करा. बसून, एक मिनिट जागेवर धावल्याबरोबर आणि त्यानंतर दोन मिनिटांनी, अशी तीनदा नाडी मोजायला लावा. १५ सेकंदांचे ठोके गुणिले ४ करून तक्ता भरायचा, मग स्तंभालेख काढायचा. परिसर अभ्यास आणि गणित दोन्ही एकत्र होतं. शेवटी विचारा, "धावल्यावर ठोके का वाढले?" उत्तर मुलांकडूनच येऊ द्या.

एक काळजी घ्या. कोणाचे ठोके कमी, कोणाचे जास्त अशी तुलना फळ्यावर नको. नाडी म्हणजे गुण नव्हेत. आणि ज्या मुलाला धाप लागते किंवा हृदयाचा त्रास माहीत आहे, त्याला वेळ मोजण्याचं काम द्या.

६) कधी थांबायचं?

छातीत दुखणं किंवा दडपण, हात-जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर, थांबूनही न ओसरणारी धाप, अडखळत पडणारे ठोके. यातलं काहीही झालं तर लगेच थांबा. घड्याळात आकडा कितीही चांगला दिसत असला तरी थांबा. छातीत दुखणं राहिलं तर १०८ ला फोन करा, वाट बघत बसू नका. बऱ्याच वर्षांनी व्यायाम सुरू करणार असाल, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आपल्या ताईंनीही तेच केलं, आणि ते योग्यच होतं. चुकलं एवढंच की डॉक्टरांनी "चाला" म्हटल्यावरही त्यांनी घड्याळाचं ऐकलं.

पालकहो, आज रात्री जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी एकमेकांची नाडी मोजून बघा. मुलांना मोजू द्या, आकडे वहीत लिहू द्या. महिनाभर रोज सकाळची नाडी लिहा. नियमित व्यायामाने विश्रांतीचे ठोके हळूहळू कमी होत जातात, ते तुमच्याच वहीत दिसेल.

ताई आता रोज चालतात. घड्याळ हातात असतंच, पण आकडा विचित्र दिसला की त्या आधी पट्टा बघतात, मग दोन बोटं मनगटावर ठेवतात.