पेठ कोणासाठी? : पणजीचा एक धडा

नगराची पारख त्याच्या शोभेवरून करू नये. पायी चालणारास तेथे किती सुख लाभते, यावरून करावी. उदाहरणादाखल आपण पणजी पाहू.

१८४३ साली पणजी गोव्याची राजधानी झाली. तिच्या मध्यभागी नगरोद्यान आहे व जवळच १६१९ साली नव्याने उभारलेले चर्च. महालक्ष्मीचे मंदिर, जामा मशीद, बाजार आणि मांडवीचा तीर ही स्थळे तेथून पायी जाण्याजोगी आहेत. बेतीस जाणारी फेरीबोटही तेथल्याच धक्क्यावर लागते. इतक्या आटोपशीर जागेत देव, बाजार, बाग व नदी यांची गाठ पडावी, हे पणजीकरांचे भाग्यच होय.

तथापि उणीवही आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात नागरी स्वातंत्र्यासाठी आवाज उठविला. त्या दिवसाचे नाव मिरविणाऱ्या पणजीच्या रस्त्यावर वृद्धांस पलीकडे जाण्यासाठी वाहनांपुढे ताटकळावे लागते. निर्धास्तपणे चालता येणे हादेखील नागरिकाचा हक्कच नव्हे काय?

आता आपण आपापल्या पेठेतून एक फेरी मारू या व तीन गोष्टी टिपून ठेवू या : सावली कोठे आहे, पिण्याचे पाणी कोठे मिळते, आणि आजीला एकटीने रस्ता कोठे ओलांडता येतो?