टीव्हीचा आवाज होम थिएटरमधून का येत नाही?

प्रश्न : आमच्या जुन्या होम थिएटरवर डीव्हीडी लावली की आवाज छान येतो. मालिका आणि यूट्यूबचा आवाज मात्र नव्या टीव्हीतूनच येतो. दोन्ही एचडीएमआय वायरने जोडलेले आहेत. होम थिएटर बदलावं लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घाई करू नका, बहुधा बदलावं लागणार नाही. एचडीएमआय वायर लावली की आवाज दोन्ही बाजूंनी जातो, असा समज असतो. प्रत्यक्षात तो होम थिएटरकडून टीव्हीकडे जातो. परत यायला दोन्हीकडे ‘एआरसी’ ही २००९ मध्ये आलेली सोय लागते.

टीव्हीमागे ‘एआरसी’ छापलेल्या सॉकेटमध्येच वायर लावा. सेटिंगमध्ये ‘सीईसी’ चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला ‘ॲनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिंपलिंक’ म्हणतात. मग आवाजासाठी बाहेरचा स्पीकर निवडा. सेट-टॉप बॉक्स टीव्हीलाच जोडलेला राहू द्या.

होम थिएटरवर ‘एआरसी’ नसेल, तर ऑप्टिकल वायर घ्या. तिच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपणं आधी काढा आणि वायर दुमडू नका. आवाज आला नाही, तर टीव्हीत ‘पीसीएम’ निवडा. त्यात फक्त स्टिरिओ आवाज मिळेल. ऑप्टिकलचीही सोय नसेल, तर टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून होम थिएटरच्या ‘ऑक्स’ला साधी ऑडिओ वायर चालते.

स्पीकरच्या वायरींना हात लावण्यापूर्वी प्लग काढाच. प्लस-मायनसच्या उघड्या तारा एकमेकींना टेकल्या, तर ॲम्प्लिफायर बिघडू शकतो. एवढी काळजी घेतली की हे काम तुम्ही घरीच निर्धास्तपणे करू शकाल.