व्हेक्टर चित्रातली काच: चकाकी कुठे द्यावी, कुठे टाळावी

काचेला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. मागचे दृश्य तिच्यातून दिसते आणि समोरचा उजेड तिच्यावर उमटतो; ती ओळखू येते ती या दोन्हींमुळे. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये निळा आकार घेऊन त्यावर पांढरट ग्रेडियंट ओढला, की काचेऐवजी प्लास्टिकचे बटण तयार होते.

अभ्यासाला ग्वाल्हेरचा जयविलास प्रासाद उत्तम. जयाजीराव शिंद्यांच्या काळात, १८७४ साली उभ्या राहिलेल्या या वाड्याच्या दरबार हॉलमध्ये प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत. पैलूदार लोलक निरखला तर एक पैलू जवळजवळ पांढरा, शेजारचा गडद आणि मधली सीमा धारदार दिसते. म्हणून लोलक काढताना प्रत्येक पैलू स्वतंत्र बंद आकार ठेवावा आणि लगतच्या पैलूंत ठळक फरक करावा. ब्लर वापरला की धार जाते, आणि धारेबरोबर काचही.

गोल हंडीची रीत वेगळी. समोरून पाहिलेल्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्केच प्रकाश परततो. नजर तिरपी होत गेली की हे प्रमाण झपाट्याने वाढते. त्यामुळे हंडीचा मध्य पारदर्शक आणि कड ठळक हवी. मागे नक्षी किंवा रंगाचा पट्टा असेल तर त्याची प्रत हंडीच्या आकारात क्लिप करून थोडी वाकवावी. पारदर्शकपणा त्यानेच पटतो. उजेडाचा ठिपका खिडकीच्या किंवा दिव्याच्या आकाराचा, स्पष्ट कडेचा असावा. सगळ्या लोलकांवर उजेड एकाच दिशेने यायला हवा. सावलीही पूर्ण काळी नको. काचेतून गेलेला उजेड सावलीच्या मध्यावर फिकट डाग पाडतो.

खरा घोटाळा छपाईत होतो. छपाईत पांढरे म्हणजे कोरा कागद. क्रीम रंगाच्या लग्नपत्रिकेवर चकाकी क्रीमच उमटते, म्हणून तिच्या भोवतीचा भाग आणखी गडद करावा लागतो. पांढऱ्या आकाराला चुकून ओव्हरप्रिंट लागले असेल तर चकाकी पूर्ण नाहीशी होते. पीडीएफ १.३ मध्ये पारदर्शकता टिकत नाही. ती सपाट करताना ठिपक्याभोवती चौकोन दिसू शकतो. शक्य तेथे १.४ किंवा पुढची आवृत्ती द्यावी. इंकस्केपमधला ब्लर पीडीएफ करताना पिक्सेलच्या चित्रात बदलतो, त्यामुळे रिझोल्यूशन आधीच ठरवावे.

मोठ्या फ्लेक्सवर पट्टे पडतात ते फिक्या ग्रेडियंटमुळे. एका रंगाच्या २५६ छटा धरल्या, तर २० ते ३० टक्क्यांच्या उतारात साधारण २५ पायऱ्या मिळतात. तो उतार २५ सेंटिमीटर पसरला तर प्रत्येक पट्टा सेंटिमीटरभर रुंद होतो. सोपे उपाय दोन: उतार आखूड करावा किंवा रंगांतला फरक वाढवावा. शेवटी स्क्रीनवरच्या आरजीबी निळ्यावर विसंबू नये. फाइल सीएमवायकेमध्ये तपासून, छपाईच्याच कागदावर एक नमुना प्रत काढून मगच पूर्ण छपाईला द्यावी.