आधी ऐका, मग बोला

मुलांनो, वर्गात शिक्षक अजून आलेले नाहीत. चाळीस मुले-मुली एकाच वेळी बोलत आहेत. शेवटच्या बाकावरच्या मैत्रिणीला तुम्ही काहीतरी सांगता. पण तुमचे शब्द तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि नुसता गोंगाट उरतो. मग मॉनिटर उठतो आणि फळ्यावर नावे लिहू लागतो. तो ज्याला सांगेल, त्यानेच बोलायचे.

पण समजा, वर्गात मॉनिटरच नाही. तरीही प्रत्येकाचे बोलणे पोहोचले पाहिजे. हे जमेल का?

हाच प्रश्न एके काळी संगणकांपुढे उभा होता. एका तारेला अनेक संगणक जोडले, तर कोणी केव्हा बोलायचे? त्याचे उत्तर फार सुंदर आहे. ते समजण्यासाठी आधी तारेतून संदेश कसा जातो, ते पाहू.

तारेला भाषा कळत नाही

समजा, शाळेच्या संगणक-खोलीत बसून तुम्हाला शेजारच्या संगणकावर 'सलाम' हा एकच शब्द पाठवायचा आहे. तारेला अलिफ कळत नाही आणि अ-सुद्धा कळत नाही. म्हणून संगणक प्रत्येक अक्षर ० आणि १ या दोन अंकांत लिहितो. अशा एका अंकाला 'बिट' म्हणतात. आठ बिट मिळून एक 'बाइट' होतो.

आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत उर्दूतला अलिफ ११०११००० १०१००१११ असा लिहितात. हे झाले दोन बाइट. मराठीतला 'अ' १११००००० १०१००१०० १००००१०१ असा तीन बाइटांत लिहितात. उर्दू लिपीतल्या 'सलाम' मध्ये सीन, लाम, अलिफ आणि मीम ही चार अक्षरे आहेत. म्हणून तो आठ बाइटांचा होतो. देवनागरीत स, ल, काना आणि म अशी चार चिन्हे येतात. म्हणून तो बारा बाइटांचा होतो. सलाम एकच, पण तारेवरचे ओझे वेगळे!

आता हे अंक तारेतून न्यायचे. तांब्याच्या तारेत विजेचा दाब कमी-जास्त करून, काचेच्या तंतूत प्रकाश चमकवून आणि हवेत रेडिओ-लहरी बदलून ० आणि १ पाठवतात. बिट इकडून तिकडे नेण्याच्या या कामाला संगणकशास्त्रात 'भौतिक थर' असे नाव आहे. हा सर्वांत खालचा थर.

काम सोपे वाटते ना? मग एक प्रयोग करा. टाळी म्हणजे १ आणि शांतता म्हणजे ० असे ठरवून मित्राला संदेश पाठवा. लागोपाठ वीस शून्ये आली की मित्र गोंधळेल. ती वीस होती की एकोणीस, हे त्याला सांगता येणार नाही. संगणकाचेही असेच होते. म्हणून एक युक्ती काढली गेली. प्रत्येक बिटाच्या मध्यावर विजेचा दाब बदलायचाच. दाब खालून वर गेला तर १ आणि वरून खाली आला तर ०. त्यामुळे तारेवर लांबलचक शांतता कधी येतच नाही. प्रत्येक बिटाबरोबर ठेका मिळतो आणि ऐकणाऱ्याची मोजणी चुकत नाही. या युक्तीला मँचेस्टर पद्धत म्हणतात.

दुसरी अडचण बाहेरच्या त्रासाची. संगणकाला जोडलेल्या केबलच्या आत आठ बारीक तारा असतात. त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. हा पीळ शोभेसाठी नाही. जवळच्या विजेच्या तारा आणि यंत्रे केबलमध्ये खळबळ निर्माण करतात. पिळामुळे ही खळबळ जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखीच होते. ऐकणारा संगणक दोन तारांमधला फरक तेवढा पाहतो. एकाच बाकावर दोन मुले उभी आहेत आणि बाक हलला, तर दोघेही सारखेच वर-खाली होतात. पण त्यांच्या उंचीतला फरक बदलत नाही. तसेच हे आहे. तरीही अंतर वाढले की संकेत क्षीण होतो. म्हणून अशा केबलची लांबी साधारणपणे १०० मीटरपर्यंतच ठेवतात.

बेटांवरचा 'अलोहा'

संदेश कसा जातो, ते कळले. आता मॉनिटर नसलेल्या वर्गाकडे वळू. यासाठी आपल्याला प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर जावे लागेल.

तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन नावाचे प्राध्यापक होते. विद्यापीठाचा मोठा संगणक एका बेटावर होता आणि तो वापरू इच्छिणारी माणसे निरनिराळ्या बेटांवर होती. मध्ये समुद्र होता. अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ-लहरींचा उपयोग करायचे ठरवले. १९७१ साली त्यांचे जाळे सुरू झाले. त्याचे नाव होते 'अलोहा'. आपल्याकडे जसा सलाम किंवा नमस्कार, तसा हवाईमध्ये 'अलोहा'.

या जाळ्याचा नियम अगदी साधा होता. पाठवायचे असेल तेव्हा खुशाल पाठवा. पोच आली तर ठीक. दोन संदेशांची टक्कर झाली तर पोच येणार नाही. मग थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवा. नियम साधा होता, पण गर्दी वाढली की टकरीही वाढत. गणिताने असे दिसले, की या पद्धतीत जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो. बाकीचा वेळ टकरींत आणि शांततेत वाया जातो.

नापास झालेला प्रबंध

त्याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ हा तरुण हार्वर्ड विद्यापीठात संशोधन करत होता. संगणकांच्या जाळ्यांवर त्याने प्रबंध लिहिला. परीक्षकांनी तो नाकारला. त्यात सिद्धान्ताचा भाग कमी आहे, असे त्यांचे मत पडले. मेटकाफला वाईट वाटले, पण तो हात जोडून बसला नाही. अब्रामसन यांचा लेख त्याच्या वाचनात आला. त्यातल्या गणितात माणसे उत्तर येवो न येवो, टाइप करतच राहतात असे धरले होते. मेटकाफच्या मनात आले, खरी माणसे तर उत्तराची वाट पाहतात! त्याने नव्याने गणित मांडले, ते प्रबंधात घातले आणि १९७३ साली त्याला डॉक्टरेट मिळाली.

तेव्हा तो कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करत होता. तेथील अनेक संगणक एकमेकांना आणि एका वेगवान छपाई-यंत्राला जोडायचे होते. २२ मे १९७३ रोजी मेटकाफने आपली कल्पना एका टिपणात लिहिली आणि तिला 'इथरनेट' असे नाव दिले. पुढे डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्याने ती प्रत्यक्षात आणली. दोघांनी मिळून तिच्यावर लिहिलेला लेख १९७६ साली प्रसिद्ध झाला.

इथरनेटमध्ये सगळे संगणक एकाच जाड केबलला जोडलेले असत. मॉनिटर कोणीही नव्हता. होते ते फक्त तीन नियम.

पहिला नियम : बोलण्याआधी ऐका. तारेवर दुसरे कोणी बोलत असेल, तर त्याचे संपेपर्यंत थांबा.

दुसरा नियम : बोलतानाही ऐका. दोघांनी एकाच क्षणी सुरुवात केली, तर टक्कर होईल. तसे कळताच दोघांनीही गप्प व्हा.

तिसरा नियम : टक्कर झाल्यावर चिठ्ठी टाकून ठरवा, किती थांबायचे.

हा तिसरा नियम का बरे? अरुंद बोळात दोन माणसे समोरासमोर येतात. दोघेही एकाच बाजूला सरकतात आणि पुन्हा अडतात. संगणक सारखाच वेळ थांबले, तर तेही पुन्हा एकमेकांवर आदळतील. म्हणून पहिल्या टकरीनंतर प्रत्येक संगणक दोन चिठ्ठ्यांतून एक उचलतो : लगेच बोलायचे, की एक पाळी थांबायचे. पुन्हा टक्कर झाली तर चार चिठ्ठ्या, मग आठ, मग सोळा. म्हणजे गर्दी जितकी जास्त, तितका प्रत्येकाने धीर जास्त धरायचा. सोळा वेळा प्रयत्न करूनही जमले नाही, तर संगणक त्या संदेशाचा नाद सोडतो.

लिफाफा आणि पत्ता

एकाच तारेवर सगळे असले, तर संदेश कोणासाठी आहे हे कसे कळणार? पत्र आपण लिफाफ्यात घालतो, तसे संगणकही बिटांना लिफाफ्यात घालतो. या लिफाफ्याला 'फ्रेम' म्हणतात. फ्रेम तयार करणे, तिच्यावर पत्ता घालणे आणि तारेवर पाळी सांभाळणे ही कामे 'डेटा लिंक थर' करतो. तो भौतिक थराच्या वर असतो.

फ्रेमच्या सुरुवातीला घेणाऱ्याचा पत्ता असतो. त्यानंतर पाठवणाऱ्याचा पत्ता येतो. प्रत्येक पत्ता सहा बाइटांचा असतो. तो साधारणपणे कारखान्यातच दिलेला असतो. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून यंत्र बनवणारी कंपनी ओळखता येते. पुढे आतला मजकूर कोणत्या प्रकारचा आहे ते सांगणारे दोन बाइट असतात. मग मजकूर येतो. तो कमीत कमी ४६ आणि जास्तीत जास्त १५०० बाइटांचा असतो. तुमचा आठ बाइटांचा 'सलाम' एकटाच या लिफाफ्यात घातला, तर त्यात ३८ बाइट भरीचे घालावे लागतील. कारण बोलणे फार लवकर संपले, तर तारेच्या दुसऱ्या टोकाला झालेली टक्कर बोलणाऱ्याला कळणारच नाही.

शेवटचे चार बाइट पडताळणीचे. समजा, तुम्ही ७, ४ आणि ९ हे आकडे पाठवले आणि सोबत त्यांची बेरीज २० लिहिली. मित्राला ७, ४ आणि ८ मिळाले. त्याची बेरीज १९ येते. वाटेत काहीतरी बिघडले, हे त्याला लगेच कळते. पण ८, ३ आणि ९ मिळाले तर? बेरीज २०च येते आणि चूक लपून राहते. म्हणून इथरनेटमध्ये बेरजेऐवजी एका खास भागाकाराची बाकी पाठवतात. तिच्यातून चूक सहसा सुटत नाही. बाकी जुळली नाही, तर संगणक ती फ्रेम टाकून देतो. ती पुन्हा मागवायचे काम वरचे थर करतात.

आज काय दिसते?

१९८३ साली इथरनेटचे नियम सर्वांसाठी प्रमाण ठरले. नंतर जाड केबल गेली आणि पीळ दिलेल्या जोड्या आल्या. आज संगणक-खोलीतल्या केबली एका पेटीला जोडलेल्या असतात. तिला 'स्विच' म्हणतात. नवा पोस्टमन जशी हळूहळू घरे ओळखू लागतो, तसा स्विच फ्रेमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून कोण कोठे आहे ते लक्षात ठेवतो. मग प्रत्येक फ्रेम त्याच दारी पोहोचते. पत्ता ओळखीचा नसला, तर तो ती फ्रेम बाकीच्या सगळ्या दारी पाठवतो. प्रत्येक संगणकाला आपली स्वतंत्र केबल मिळाली आणि जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्यामुळे तेथे आता टकरी होत नाहीत.

मग जुने नियम वाया गेले का? नाही. हवा मात्र अजूनही सर्वांची एकच आहे. तुमच्या घरातला मोबाइल वाय-फायवर संदेश पाठवतो, तेव्हा तो आधी ऐकतो, चिठ्ठी टाकतो आणि मगच बोलतो. हवेत बोलता बोलता टक्कर ऐकू येत नाही. म्हणून तो अलोहासारखी पोचही मागतो.

रॉबर्ट मेटकाफ यांना या कामासाठी २०२२ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रातला हा सर्वांत मोठा मान समजला जातो.

मुलांनो, आता पुन्हा आपल्या वर्गात या. मॉनिटर नाही, फळ्यावर नावे नाहीत. तरीही प्रत्येकाचे बोलणे पोहोचू शकते. त्यासाठी आधी ऐकले पाहिजे. टक्कर झाली तर थांबले पाहिजे. गर्दी असली तर जास्त धीर धरला पाहिजे. तारेला जोडलेल्या यंत्रांना हे जमले. आपल्याला का जमू नये?

शब्दार्थ

गोंगाट – शोर
संदेश – पैगाम
संकेत – इशारा
क्षीण – कमजोर
पोच – मिळाल्याची खबर
प्रबंध – संशोधनावर लिहिलेला ग्रंथ
प्रमाण – सर्वांनी मान्य केलेले
नाद सोडणे – प्रयत्न थांबवणे
हात जोडून बसणे – काहीही न करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एका बाइटमध्ये किती बिट असतात?
(आ) अलोहा जाळे कोणत्या साली सुरू झाले?
(इ) फ्रेमच्या शेवटी कशाचे बाइट असतात?

प्र. २. कारणे सांगा.
(अ) केबलमधल्या तारांना पीळ देतात.
(आ) टकरीनंतर दोन्ही संगणक सारखाच वेळ थांबत नाहीत.

प्र. ३. पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा.
गोंगाट, पत्ता, टक्कर, धीर

प्र. ४. करून पाहा.
दोन मित्रांनी एकाच वेळी नाणे उडवावे. छाप आला तर लगेच बोलावे, काटा आला तर पाच मोजून बोलावे. दोघांना सारखेच आले, तर चार चिठ्ठ्या करून त्यांतून दोघांनी आळीपाळीने एकेक उचलावी आणि चिठ्ठी परत ठेवावी. कितव्या वेळी दोघांचे बोलणे वेगवेगळे ऐकू आले, ते वहीत लिहा.