बाइटांचा क्रम आणि मीटरवरचे शून्य

एकापेक्षा जास्त बाइटांची संख्या संगणकाच्या मेमरीत दोन प्रकारे ठेवता येते. मोठ्या किमतीचा बाइट आधी आला तर तो बिग एंडियन क्रम, लहान किमतीचा आधी आला तर लिटल एंडियन. मराठीत हे दोन्ही क्रम रोज एकत्र नांदतात: २५ लिहिताना दशक आधी येतो, ‘पंचवीस’ म्हणताना एकक. ही नावे डॅनी कोहेन यांनी १९८० साली ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधल्या अंड्याच्या भांडणावरून घेतली. इंटेलचे प्रोसेसर लिटल एंडियन आहेत, आर्मही बहुतेक ठिकाणी तसाच चालवतात. इंटरनेट प्रोटोकॉलचे हेडर मात्र बिग एंडियन असतात.

पुण्याच्या सी-डॅकच्या महासंगणकांतही हा क्रम बदलत गेला आहे. १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर, म्हणजे बिग एंडियन होता. २००८ चा परम युवा इंटेलच्या झिऑनवर आला. अशा पहिल्या यंत्रावर फोर्ट्रानने लिहिलेली बायनरी फाइल दुसऱ्यावर तशीच उघडली, तर ८ बाइटांच्या नोंदीआधी लिहिलेली तिची लांबी १३,४२,१७,७२८ वाचली जाते. इतका मोठा आकडा दिसला की चूक लगेच ध्यानात येते. शून्य दिसले तर येत नाही.

प्रस्तुत लेखकाला हे मुळशी तालुक्यात शिकावे लागले. सॉफ्टवेअर हिंजवडीत लिहिलेले, वीजमीटर पिरंगुटच्या एका कारखान्यात. दोहोंमध्ये आरएस-४८५ ची तार आणि तिच्यावर मॉडबस प्रोटोकॉल. टेबलावर सगळे बरोबर चालले होते. कारखान्यात व्होल्टेज ०.०० दिसू लागले, आणि मशीन तर चालू होती. दोन दिवस तारा, जोडण्या आणि टर्मिनल तपासण्यात गेले.

कारण आकड्यातच होते. २३० ही संख्या ३२-बिट फ्लोटमध्ये सोळा-आधारी पद्धतीने ४३ ६६ ०० ०० अशी मांडली जाते. मॉडबसचे रजिस्टर १६ बिटांचे, त्यामुळे ती दोन रजिस्टरांत विभागली जाते. रजिस्टराच्या आत मोठा बाइट आधी, हे मॉडबसमध्ये ठरलेले आहे. दोन रजिस्टरांपैकी आधी कोणते, हे ठरलेले नाही. त्यांची अदलाबदल झाली की ०० ०० ४३ ६६ उरते आणि त्याची किंमत इतकी सूक्ष्म भरते की दोन दशांश स्थळांपर्यंत छापल्यावर शून्यच दिसते. अशा वेळी आलेले बाइट कच्च्या स्वरूपात छापून पाहावेत. बाइट वाटेत बिघडले का हे सांगणारी तपासणीसंख्या, म्हणजे सीआरसी, जुळत असेल तर तारेने आपले काम केलेले असते. दोष वाचणाऱ्याकडे असतो. (याच मॉडबसच्या चौकटीत सीआरसीचा लहान बाइट आधी येतो, हेही ध्यानात ठेवावे.)

टेबलावर चूक का दिसली नाही, हे अधिक महत्त्वाचे. चाचणीसाठीचा खोटा मीटर त्याच हाताने लिहिलेला होता. लिहिताना आणि वाचताना तोच उलटा क्रम, म्हणून दोन चुका एकमेकींना पुसत होत्या. चाचणीचे बाइट उपकरणाच्या माहितीपुस्तिकेतून किंवा खऱ्या मीटरकडून घ्यावेत, आणि चारही वेगळे असावेत. ० किंवा २५७ अशा, उलटे केले तरी तसेच राहणाऱ्या १६-बिट संख्या येथे निरुपयोगी ठरतात.

पहिली दुरुस्तीही चुकीचीच होती: सगळीकडे सरसकट अदलाबदल. दुसऱ्या बनावटीचा मीटर जोडताच त्याचे आकडे बिघडले. क्रम हा प्रत्येक मीटरच्या बनावटीचा गुणधर्म मानून त्याच्या सेटिंगमध्ये नोंदवावा लागतो.

वाचताना बफरवर पूर्णांकाचा पॉइंटर टाकू नये. त्याने क्रम यंत्रावर सोडला जातो आणि काही प्रोसेसरवर पत्ता चारच्या पटीत नसल्यास प्रोग्रॅम कोसळतो. प्रत्येक बाइट आधी चिन्हविरहित ३२-बिट संख्येत घ्यावा, मग डावीकडे सरकवावा: बिग एंडियन माहितीत पहिला २४ बिट, दुसरा १६, तिसरा ८, चौथा जागीच. चारही ऑर करून जोडावेत. फ्लोट हवा असेल तर मेमकॉपीने त्यात उतरवावे. असे लिहिल्यास आपले यंत्र कोणत्या क्रमाचे, हा प्रश्नच उरत नाही आणि त्यासाठीची इफडेफची रांग काढून टाकता येते. हे काम आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या माहितीच्या वेशीवर, एकाच फंक्शनात व्हावे. मध्येच दुसऱ्याने पुन्हा उलटवले की शोध नव्याने सुरू होतो. फाइल लिहायची असल्यास क्रम आधी ठरवून दस्तऐवजात नोंदवावा, आणि सुरुवातीला एक ठरलेली ३२-बिट खूणसंख्या ठेवावी. ती उलटी वाचली गेली तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने तिथेच थांबावे.